कार्डाचा हिरवा दिवा

बाबांनी संगणकाला इंटरनेट जोडणारं नेटवर्क कार्ड तिसऱ्यांदा उपसून काढलं आणि त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर घासायला सुरुवात केली. संगणकाचं पोट उघडं पडलं होतं आणि बाबा टॉर्च काखेत धरून टेबलाखाली ठाण मांडून बसले होते.

"बाबा, पावणेअकरा झाले. मी मोबाईलवरून देते ना मुलाखत."

"घरात संगणक असताना? शोभतं का ते?"

मुलीची ही पहिल्या नोकरीची मुलाखत, आणि ती अकराला सुरू होणार होती. पण हा संगणक बाबांनी जुने सुटे भाग जमवून स्वतःच्या हाताने जोडला होता. शिवाय जन्मभर लोकांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त केलेला माणूस, तो काय बोटभर कार्डापुढे हात टेकणार? केबल बदलून झाली, कार्ड बसवायची खाच बदलून झाली, कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम काढून पुन्हा घालून झाला. कार्डाच्या मागचा हिरवा दिवा मात्र पेटायचं नाव घेत नव्हता.

"काल तर चालत होतास," बाबांनी कार्डालाच खडसावलं.

"अहो, तिला देऊ द्या ना मोबाईलवरून," आई म्हणाली.

"दोघींनी मिळून माझं डोकं खाऊ नका. कंपनीवाल्यांना सांग, अर्ध्या तासाने घ्या म्हणावं."

नोकरी गेली तरी चालेल, पण यांचं कार्ड चाललं पाहिजे! मुलगी दात-ओठ खात स्वयंपाकघरात गेली. साखरेच्या बरणीला टेकवून तिने मोबाईल उभा केला आणि दार लावून घेतलं. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा आईने नुसत्या भुवया उंचावल्या.

"झाली. बरी झाली," ती कुजबुजली. "आता सांगतेच बाबांना जाऊन."

ती खोलीच्या दारात पोचली आणि टेबलाखालून आरोळी आली.

"लागला! लागला दिवा! बैस लवकर!"

बाबांच्या केसांत जळमट अडकलं होतं, कोपर खरचटलं होतं आणि चेहरा नुसता फुलला होता. मुलीने त्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"साडेअकराला घेतो म्हणालेत," असं म्हणून ती खुर्चीवर बसली.

बाबा दार ओढून बाहेर आले. आतून आवाज आला, "गुड मॉर्निंग सर. हो, ऐकू येतंय." घाम पुसता पुसता त्यांनी सवयीने पॅसेजमधल्या राउटरकडे पाहिलं. संगणकाच्या केबलचा दिवा विझलेला होता. कार्डाने पुन्हा मान टाकली होती, आणि मुलीचा मोबाईल तर पलीकडे स्वयंपाकघरात साखरेच्या बरणीला टेकून उभा होता.

ते धावत दाराशी गेले. आत मुलगी बोलतच होती. मध्येच थांबायची, कुणी प्रश्न विचारत असल्यासारखी, आणि मग नीट उत्तर द्यायची. बाबांनी दाराच्या मुठीवर ठेवलेला हात हळूच काढून घेतला. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं.

तेवढ्यात आई धुतलेली भांडी खडखडवत आली. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते म्हणाले. "मुलाखत चालू आहे तिची."