बंदरावर गेलेले बैल

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे आणि उद्या जेवायला या, असं त्यांच्या कानात सांगायचं. टेंभुर्णीत हे काम गडीमाणसं करतात. आमच्याकडं सासरे गेल्यापासून सासूबाई करतात, कडूबाई. दुसरा बैल माझ्याकडं. धाकटी जाऊ वरलक्ष्मी मात्र तीन पोळे उंबऱ्यातच उभी. ती मछलीपट्टणमची, होड्या बांधणाऱ्या सुताराची लेक. दीर रायभान ट्रकवर होता, तेव्हा लग्न करून घेऊन आला. "मासळी खाणारीचा हात माझ्या बैलाला लागू देणार न्हाई," हा सासूबाईंचा हट्ट. स्वतः मटणाचा रस्सा वाट्या-वाट्यांनी पिणारी बाई! पण बोलणार कोण?

चौऱ्याण्णव साली तिचे वडील वेंकय्या पहिल्यांदाच आले, तेही नेमके त्याच संध्याकाळी. वरलक्ष्मीचा चेहरा पडला. लेकीची घरातली किंमत आता बापाला दिसणार होती. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओसरीवर चहा झाला. व्याह्यांना हैदराबादेकडची हिंदी येत होती. ते आपल्या मछलीपट्टणम बंदराचं सांगू लागले. कधीकाळी तिथं इराणची, ब्रह्मदेशाची जहाजं लागायची, डच व्यापाऱ्यांच्या कबरी अजून आहेत. मग गाळ साचला, तुफानं झाली, जहाजं यायची थांबली. सासूबाई खुशाल जांभया देत होत्या.

"तुमारे इदर का कपास भी आता था, अम्मा. बैलां की पीठ पे."

सासूबाई ताठ बसल्या. "आमचे बैल? इतक्या लांब गेल्ते?"

"तीन सौ बरस हुए, अम्मा."

तीनशे वर्षं सासूबाईंनी ऐकलीच नाहीत. "मंग त्यांचं चारापाणी कोण बघायचं, इवाई?"

व्याही गोंधळले. "घर की औरतां देखते होंगे."

 सासूबाई उठल्या, लोण्याची वाटी उचलून थेट उंबऱ्यापाशी गेल्या.

"ज्यांनी आमच्या बैलांना पाणी पाजलं, त्यांच्याच लेकीला मी शिवू दिलं न्हाई. चुकलं माझं. धर, थोरल्याचा खांदा तुझा."

थोरला म्हणजे त्यांचा स्वतःचा बैल. वरलक्ष्मी रडत रडत खांदा मळू लागली. मग त्याच्या कानाशी वाकून तिनं तेलुगूत आवतण दिलं. व्याह्यांनी उपरण्यात तोंड लपवलं.

माझे मालक, आबाराव, हसायला लागले. "आई, त्याला तेलुगू काय समजंल?"

"बराबर समजतं," सासूबाई म्हणाल्या. "त्याची भावकी तिथं जेवून आलीय."