कुंड्यांना पोतोर

जुलै लागला तोवर तीनपैकी एक झाड वाळलं होतं आणि दुसरं वाळायच्या वाटेवर होतं. व्हर्नर रोज सकाळी सायकलवरून घरापासून लांबच्या त्यांच्या छोट्या बागेत यायचा, फाटक उघडायचा आणि आधी तिकडेच बघायचा. टोमॅटोची ती तीन झाडं त्याच्या बायकोची, माय-लिसची. मार्चमध्ये तिनं ती स्वयंपाकघराच्या खिडकीत रुजवली होती. मे सरता सरता ती गेली. झाडं मागे राहिली.

बी तिच्या आईच्या शेतावरचं होतं. बाजारात कुठे न मिळणारं, ओबडधोबड, पिकलं तरी देठापाशी हिरवट राहणारं टोमॅटो. गेल्या वर्षी करपा पडला आणि नवं बी धरता आलं नाही. जुनं उरलंसुरलं होतं ते सगळं तिनं यंदा पेरलं, त्यातली तीन रोपं वर आली. ही तीन रोपं गेली की वाण संपला. व्हर्नरला हे पक्कं ठाऊक होतं. माय-लिसचं दुसरं काही जगवणं आता त्याच्या हातात नव्हतं.

गुडघे धरायला लागल्यापासून ती जमिनीत काही लावत नसे. काळ्या जाड कापडाच्या कुंड्या तिनं आणल्या होत्या. दिसायला पिशव्याच, उचलायला दोन कान असलेल्या. बागेतल्या लाकडी खोलीच्या पायरीला लागून त्या ठेवल्या होत्या. पायरीवर बसल्या बसल्या तिचा हात पोचायचा.

व्हर्नरनं जन्मभर गोदीत वेल्डरची नोकरी केलेली. झाडांतलं त्याला काही कळत नसे, पण सांगितलेलं काम तो चुकवत नसे. झारी भरायची, कुंडीत ओतायची, खालून पाणी वाहिलं की पुढची कुंडी. वाहिलं म्हणजे झाडाचं पोट भरलं, असं त्याचं गणित. स्वीडनमधल्या त्यांच्या लान्सक्रूनात समुद्रावरचा वारा दिवसभर वाहतो. त्या वाऱ्यात पानं माना टाकायची, म्हणून तो संध्याकाळीही यायचा आणि तसंच भडाभडा पाणी ओतून जायचा.

आणि शिवाय कॉफी घालायचा.

त्याचं असं झालं. हॉस्पिटलमध्ये, अगदी शेवटी शेवटी, माय-लिस म्हणाली होती, "व्हर्नर, कुंड्यांना पोतोर द्यायला विसरू नकोस. दर वेळी द्यायचा."

"कुंड्यांना?"

"हो, कुंड्यांना. एक देऊन उठून जाऊ नकोस. तुझी खोड मला माहीत आहे."

पोतोर म्हणजे कॉफीचा दुसरा कप. पहिला संपला की त्याच कपात पुन्हा ओतायचा आणि बसून, निवांत गप्पा मारत प्यायचा. पाहुणा पोतोर न घेता उठला, तर आपलं काही चुकलं का म्हणून घरच्या माणसांना रुखरुख लागते. व्हर्नरला आधी वाटलं, औषधाच्या गुंगीत काहीतरी बोलतेय. मग त्याच्या मनात आलं, लोक झाडांना कॉफीचा चोथा घालतात, तर कॉफीही घालत असतील. तिच्याशी वाद घालायची ती वेळ नव्हती. तेव्हापासून तो रोज थर्मास भरून आणायचा, उभ्या उभ्या एक कप प्यायचा आणि उरलेली कॉफी तिन्ही कुंड्यांना वाटून टाकायचा. एक झाड मेलं तरी त्याच्या कुंडीचा वाटा त्यानं बंद केला नव्हता.

त्या सकाळी तो तेच करत होता, तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

"काय रे म्हाताऱ्या, काय पाजतोयस त्यांना?"

शेजारच्या बागेतली सोल्वेग. कमरेच्या ऑपरेशनमुळे ती बरेच दिवस बागेत आली नव्हती. आता काठी टेकत फाटकातून आत आली.

"कॉफी," व्हर्नर म्हणाला.

"बिस्किटं विसरलास वाटतं."

"माय-लिसनं सांगितलंय. कुंड्यांना पोतोर दे म्हणाली."

सोल्वेग काठीवर रेलून मोठ्यानं हसली. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

"अरे देवा. व्हर्नर, ती कॉफीबद्दल नव्हती रे बोलत." तिनं काठीनं कुंडी दाखवली. "घाल बोट मातीत. अजून खोल. घाबरू नकोस, चावत नाही ती."

व्हर्नरनं बोट घातलं. वरचा थर ओला होता. खाली माती कोरडी ठणठणीत, भुशासारखी.

"मी दोन वेळा पाणी घालतोय. खालून वाहतं चांगलं!"

"वाहणारच. कडेकडेनं खाली उतरतं आणि बाहेर जातं. ही माती एकदा सुकली की पाणी घेत नाही, अडून बसते, तुझ्यासारखी. त्यात कापडाला चहूबाजूंनी वारा लागतो. आधी थोडंच पाणी घालायचं, हळूहळू, माती नरम होण्यापुरतं. मग थांबायचं. ते मुरलं की दुसऱ्यांदा. ते दुसरं खरं मुळांना मिळतं. त्याला माय-लिस पोतोर म्हणायची. मी माझा घेते, तोवर त्यांचाही होतो, म्हणायची."

व्हर्नरनं मातीचं बोट विजारीला पुसलं आणि हळूच म्हणाला, "पानांच्या कडा जळल्यात. म्हणून मी खतही वाढवलं."

खोलीमागच्या पिंपात खाजऱ्या पाल्याचं कुजवलेलं पाणी होतं, माय-लिसनंच घालून ठेवलेलं. सोल्वेगनं त्यातून भरलेल्या झारीत डोकावून पाहिलं आणि नाक दाबलं.

"हे असं दाट? तहानलेल्याच्या तोंडात खारवलेला मासा कोंबलास की! आधी साधं पाणी पोटभर. नंतर हे, फिक्या चहासारखं पातळ करून. तू तिला कधी घालताना बघितलं नाहीस?"

"नाही."

"कसा बघशील म्हणा. तू कायम शिडीवर."

ती सहज बोलून गेली. पण तेवढं व्हर्नरच्या आत रुतलं.

पहिला कप संपला की तो उठायचा. माय-लिस किटली उचलून विचारायची, "पोतोर?" आणि तो म्हणायचा, "नको, काम पडलंय." गोदीतली नोकरी संपली तरी हेच. ती मात्र दर वेळी विचारायची. कुठलं काम पडलेलं असायचं? त्याला आठवेना. कुंपण रंगवलं असेल, पन्हळ साफ केली असेल. एकदा शिडीवरून तो तिला म्हणाला होता, "तुझं बरं आहे बाई, बसायला वेळ आहे." ती पायरीवर कप घेऊन बसली होती, शेजारी झारी. ती कशासाठी थांबली होती ते त्याला आज कळत होतं.

सोल्वेग गेल्यावर त्यानं थोडं थोडं पाणी घातलं आणि पायरीवर बसला. कॉफी प्यायला. कप रिकामा होताच पाय आपोआप उठले. तो पुन्हा खाली बसला आणि त्यानं दुसरा कप ओतला. तो पिताना लोक काय करतात, हेही त्याला नीट माहीत नव्हतं. गप्पा मारतात. त्यानं शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि मग कुंड्यांकडे. दुसऱ्यांदा पाणी घातलं, तेव्हा खालून लगेच काही वाहिलं नाही. कापड आतून हळूहळू भिजून काळंभोर होत गेलं.

दुसरं झाड वाचलं नाही. त्याला फार उशीर झाला होता. तिसऱ्यानं नवी पानं धरली, फुलंही आली, पण उन्हाळा सरत आला होता. सप्टेंबरमध्ये एकच टोमॅटो रंगला, देठापाशी हिरवट. व्हर्नरनं तो पायरीवर बसून कापला. बिया पेल्यात काढल्या, गर मिठाबरोबर खाल्ला. तिला तो असाच आवडायचा, एवढं मात्र त्यानं पाहिलेलं होतं.

बी हाती लागलं होतं. पुढच्या वर्षी पेरता येईल. त्यानं झाडाला पहिलं पाणी घातलं, स्वतःला दुसरा कप ओतला आणि बसून राहिला. कप संपला तेव्हा पाणी मुरलेलं होतं. एवढाच वेळ लागायचा. एवढाच.