विचारलं की नाही म्हणायचं

धाकट्याला मुलगी झाली, त्याच वर्षी वडिलांची वाचा गेली. नातीला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि घशातून नुसता घरघर आवाज आला. उजवी बाजू लुळी पडली ती पडलीच. "एक बोलायला शिकेल, तर एक बोलणं विसरला," असं शेजारीण म्हणाली. थोरलीने तिला दारातूनच वाटेला लावलं.

वडील शिंपी. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण वाकड्या माणसाला सरळ दिसेल असा कोट बेतण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एक खांदा उतरलेला, पाठीला पोक, पोट सुटलेलं, अशांसाठी कापड कुठे सोडायचं नि कुठे दाबायचं, हे त्यांनी आजारपणाआधी महिनोन्‌महिने थोरलीला सांगितलं होतं. "पोकवाल्याला आरशापुढे उभा करू नकोस. आधी गप्पांत गुंतव, मग माप घे. बोलताना माणूस खरा उभा राहतो." असं सगळं. थोरलीने लग्न केलं नव्हतं, संध्याकाळ तिची होती. धाकट्याचं टायपिंगचं दुकान बंद झालं की तिथल्या कॉम्प्युटरवर ती वडिलांचं बोलणं, त्याचं पुस्तक करायचं म्हणून, त्यांच्याच शब्दांत उतरवून काढी.

फ्लॉपीवर एक प्रत ठेवू दे, असं तिने दोनदा म्हटलं होतं.

"घरच्या कामाला कसली फ्लॉपी, ताई? गिऱ्हाइकांना पुरत नाहीत."

"मग कागदावर तरी काढते."

"प्रिंटरची रिबन झिजते. सगळं संपलं की एकदम काढू."

वाचा गेल्यावर वडील डाव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी उघडून मिटत. म्हणजे, पुस्तक कुठवर आलं? थोरली सांगे, "चुका काढतेय बाबा, झालंच." मग ते मान हलवत. दिवसातून तेवढीच एक गोष्ट ते विचारत.

धाकट्याने थोरलीला यंत्राचा एकच नियम शिकवला होता, आणि तोही पाणउतारा करून. सुरुवातीला तिने एका वकिलाची फ्लॉपी कोरी करून टाकली होती. यंत्राने विचारलं होतं, पुसू का? हिला वाटलं, एवढं विचारतंय तर पुसायचीच असेल. हिने हो म्हटलं. धाकटा वकिलासमोरच तिच्यावर ओरडला, "अक्कल गहाण ठेवून बसलीयस का इथे? यंत्राने वाय की एन विचारलं की एन दाबायचं. नाही म्हणून कुणाचं काही बिघडत नाही!" दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. तेव्हापासून तिचं बोट एनवर आपोआप जाई.

एका संध्याकाळी ती पुस्तकाची फाईल जतन करत होती आणि वीज गेली. परत आली तेव्हा फायलीचं नाव होतं, आत काही नव्हतं. यंत्र रुसलं की धाकटा काय टाईप करतो ते तिने पाहिलं होतं. चेकडिस्क, मग तिरकी रेघ, मग एफ. तिने तेच टाईप केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. हरवलेलं काही सापडलंय, इतकं इंग्रजी तिला कळलं. पुढचं डोक्यावरून गेलं. शेवटी वाय की एन होतं, ते मात्र नीट कळलं.

तिने एन दाबलं.

सकाळी तिने शेजारच्या दुकानातून कॉम्प्युटरच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "मी येईस्तोवर मशीन चालू करू नका." तिने हे धाकट्याला सांगितलं.

"तो मला शिकवणार? अगं, डिस्क विस्कटलीय, एवढंच. नीट लावली की दिसेल तुझी फाईल."

"अरे, पण थांब ना दुपारपर्यंत. माझ्यासाठी थांब."

"तू रात्री थांबलीस का?"

आणि त्याने डिस्क आवरणारी कमांड दिली. पडद्यावरचे चौकोन एकेक उचलून पुढच्या रिकाम्या जागेत जाऊन बसू लागले. धाकटा खुर्चीत रेलून म्हणाला, "बघ, कसं साफ होतंय."

मेकॅनिक आला, बराच वेळ बटणं दाबत बसला. मग म्हणाला, "ताई, यंत्र विचारत होतं की सापडलेले तुकडे फायलींत ठेवू का. तुम्ही नको म्हणालात, त्याने जागा मोकळी केली."

"मग गेलंच का हो?"

"तेव्हा नव्हतं गेलं. अक्षरं जागेवरच असतात, शोधून काढली असती. पण नंतर सगळं हलवलंय. त्यांच्यावर दुसरंच काही येऊन बसलंय. कोणी केलं हे?"

थोरलीने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "मूळ एन हिने दाबलं ना? मग!" मेकॅनिकने पेचकस पिशवीत टाकला आणि निघून गेला.

वाटेत धाकट्याने तिला बजावलं, "बाबांना काही बोलू नकोस. छापायला दिलंय म्हणून सांग. त्यांना काय कळणार?"

घरी वडिलांनी दोन बोटं उघडली, मिटली. धाकटा दारातून म्हणाला, "छापायला दिलंय बाबा!" वडिलांचा चेहरा असा उजळला की थोरलीला ते बघवेना. ती खाटेजवळ बसली.

"नाही दिलं, बाबा. पुसलं गेलं. सगळंच. यंत्राने विचारलं आणि मी चुकीचं उत्तर दिलं."

धाकट्याचं तिने नाव घेतलं नाही. तो दारात उभा होता. एक शब्द बोलला असता तर तिच्या डोक्यावरचा निम्मा भार उतरला असता. आतून मुलगी रडली, तेवढं निमित्त त्याला पुरलं.

वडिलांनी डावा हात पांघरुणाखाली घेतला. त्यानंतर ती बोटं कोणाला दिसली नाहीत. थोरली पुन्हा दुकानात गेली नाही. वडिलांजवळ बसून तिने आठवेल तसं कागदावर लिहायचा प्रयत्न केला, पण लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं की ते डोळे मिटून घेत. बरोबर की चूक, काही कळायला मार्ग नव्हता. भेटायला येणाऱ्यांना धाकटा सांगत राहिला, "बाबांचं पुस्तक होतं हो तयार, पण आमच्या ताईचा हात लागला."

वडील त्याच वर्षी, उन्हाळा संपता संपता, एका मंगळवारी सकाळी वारले.