उपाशी बशी

"आमच्या तानुबाईंचं मन फार मऊ, मॅडम. किडे उपाशी बघवले नसतील, टाकलं असेल काहीतरी खायला," हरिओम सर हसून म्हणाले.

मॅडम पुण्याहून आल्या होत्या, सरांचा प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला. चिखलीच्या कॉलेजात सरांनी मिलिमीटरभर लांबीच्या कृमींच्या जनुकांत काटछाट केली होती. मज्जापेशींचा निरोप नेणाऱ्या एका छोट्या प्रथिनाला त्यांनी हिरवा दिवा जोडला होता. कृमी उपाशी राहिला की ते प्रथिन वाढतं आणि त्याचं डोकं हिरवं चमकतं, असा त्यांचा तीन वर्षांचा दावा. आज सूक्ष्मदर्शकाखाली सगळा अंधार.

"म्या सात वाजताच कोऱ्या बशीवर टाकले, सर. खाणं नाई टाकलं," तानुबाई म्हणाली. ती तिथली शिपाई, रोज अमडापूरहून पहिल्या जीपनं येणारी.

"असू द्या हो. मी रागावलो का?"

चूक दुसऱ्याची ठरली की सरांची क्षमा फार लवकर तयार असते. कृमींच्या खाण्याला आंबूस कुबट वास येतो. नऊ वर्षांत तानुबाईला त्याची किळस आली नव्हती. सरांच्या त्या गोड हसण्याची मात्र आली. मॅडमनी 'शिपायाचा निष्काळजीपणा' असं लिहायला घेतलं होतं.

"लिवाच्या आधी पाहून घ्या, मॅडम. खाणं टाकलं असतं तं दुधावरच्या सायीवानी थर दिसला असता. पोट भरलेले त्या सायीतच लोळतात. हे पाहा कसे कडेकडेनं हुडकून राह्यले."

मॅडम वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"बशी स्वच्छ आहे, सर. जोडणीच फसलेली दिसते. तपासली होती ना?"

"आधी चहा घेऊ," सर म्हणाले.

मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडली, तशी सरांची शुद्ध भाषाही गेली.

"तुले काऊन एवढं बोलाची गरज होती वं?"

"तुमी माहं नाव काऊन घेतलं?"

"फेक ते बशी."

फेकायच्या बशांतले किडे मरावेत म्हणून त्या आधी कुकरमध्ये उकळाव्या लागतात. तानुबाईनं बशी उजेडात धरली. बारीक पांढरे धागे अजून कडेकडेनं फिरत होते. खाण्याची बाटली हाताशीच होती. एक थेंब पडला असता तर सगळे तिथं गोळा झाले असते. तिनं बाटलीचं बूच काढलंही.

पण मग सर खरे ठरले असते.

तिनं बूच लावलं, बशी तशीच कुकरमध्ये ठेवली आणि झाकण घट्ट फिरवलं.