नेत्राच्या छत्रीला धरून उभी

मी एक स्प्रिंग बोलतेय. पेनातली, टकटक करायची ती नव्हे. मी मनगटाहून जाड, हातभर लांब, गॅरेजचं दार उचलणारी. हल्ली कावासाकीत, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, चपलांशेजारी उभी असते. इथवर कशी आले ते सांगते. थोडं वाढवून सांगेन, पण गरज असेल तिथेच.

माझी उमेदीची वर्षं अमेरिकेतल्या वाळवंटात गेली, अ‍ॅरिझोनात. हेमचंद्र आणि अनुराधा, दोघं पुण्याचे, त्यांचं ते घर. दाराच्या वर एका दांड्यावर आम्ही दोघी जुळ्या बहिणी. दार खाली आलं की अंगात पीळ चढायचा, वर गेलं की उतरायचा. उन्हाळा असा, की गॅरेजमध्ये ठेवलेले बटाटे संध्याकाळी उकडलेले निघायचे. हेमचंद्रच्या आईने, प्रभावतीबाईंनी, त्यांची भाजी केलेली मी स्वतः पाहिली आहे. त्या उन्हात आमचं तेल सुकलं, वर धूळ बसली. लोक दार पुसतात, घासतात. मान वर करून आमच्याकडे कोण बघतंय?

जुलैतली दुपार होती. अनुराधाला कळा सुरू झाल्या. बाळंतपणासाठी सासूसासरे आलेले होते. गाडी आत. हेमचंद्रने बटण दाबलं आणि धाड्! माझी बहीण मधोमध तुटली. दार जागचं हलेना.

"बाबा, टायर फुटला बहुतेक!"

"टायर खाली असतो रे. आवाज वरून आला," प्रल्हादराव चष्मा पुसत म्हणाले.

"अहो, चर्चासत्र नंतर भरवा! ती लाल दोरी ओढा आणि हातांनी उचला," प्रभावतीबाई कडाडल्या.

दोरी ओढल्यावर मोटर सुटली. आता दाराचं ओझं त्यांच्या हातांवर आणि माझ्या एकटीवर. निम्मं मी उचललं. मला विचाराल तर पाऊण. म्हातारा-म्हातारीने दार डोक्यावर तोलून धरलं आणि खालून गाडी निघाली. चाळीस मिनिटांत नेत्रा जन्मली.

दोन दिवसांनी कारागीर आला. त्याने बहिणीबरोबर मलाही काढलं. जोडीतली एक तुटली की दुसरीही बदलतात. वय एकच ना. दोन सळ्या लावून माझा पीळ त्याने थोडा थोडा करून सोडवला. हे काम घरी करू नये, हात मोडतो. प्रल्हादराव आदल्या दिवशीच शिडी घेऊन आले होते. बायकोने पाना लपवला म्हणून वाचले. पण मला त्यांनी कारागिराच्या हातातून काढून घेतलं.

"हिने नात आणली माझी. ही भंगारात जायची नाही."

मग हेमचंद्रची बदली झाली आणि सामानातून मी जपानला आले. इथली हवा ओली. सात वर्षांत मला गंज चढला. दारातल्या एवढ्याशा जागेत सगळ्यांचे बूट, नेत्राचं हेल्मेट आणि मी. गेल्या महिन्यात अनुराधाला माझी ठेच लागली.

"हेम, बास झालं आता. बाबांना मी सांगेन. टाक ती."

हेमचंद्रने स्टेशनला जाताना मला खाली कचऱ्याच्या जागी ठेवलं. कुठला कचरा कुठल्या दिवशी, याचा तक्ता फ्रिजवर लावलेला आहे. तो त्याने पाहिलाच नाही. लोखंडाचा बुधवार पुढचा होता! गाडी बाकी सगळं घेऊन गेली आणि मला एक पिवळा कागद चिकटवून गेली.

दुपारी नेत्रा शाळेतून आली. कागद वाचून मला मिठी मारत वर घेऊन गेली.

"आई, दामे, नाही चालत! आज नाही नेत हे. बट हे आपलं आहे ना?"

"आपलंच. पुढच्या बुधवारी टाकू."

"पण हे आहे काय?"

अनुराधा सांगू लागली. बटाटे, धाड्, लाल दोरी, दार डोक्यावर घेतलेले आजी-आजोबा. सांगता सांगता ती माझ्याशेजारी जमिनीवरच बसली.

"मग हिला थँक्यू कोण म्हणालं?" नेत्राने विचारलं.

अनुराधाने माझ्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला गंज पदराला नाही, फडक्याला पुसला.

तो बुधवार उजाडला. मला मूठ नाही, तरी जीव मुठीत धरून उभी होते. अनुराधा आली ती खोबरेल तेलाची बाटली घेऊन. तिने फडक्याने गंज पुसला आणि बाळंतिणीला लावतात तसं वेढ्यावेढ्यात तेल जिरवलं. कारखाना सोडल्यापासून पहिल्यांदा! खाली लोखंडाची गाडी आली आणि माझ्याशिवाय गेली.

या लोकांचे उपकार मी कसे फेडू? काम संपल्यावर कोण कुणाला घरात ठेवून घेतं? तुमच्या दारावर माझी कुणी बहीण असेल, तर वर्षातून एकदा मान वर करून तिला तेल द्या. तेवढंच मागणं.

आता कोपऱ्याला टेकून मी नेत्राची पिवळी छत्री धरते. इथे घरातून निघणारा "इत्तेकिमास" म्हणतो, म्हणजे येते हं. आणि घरात राहणारा "इत्तेराश्शाई", म्हणजे जाऊन ये. रोज सकाळी नेत्रा "इत्तेकिमास" म्हणत छत्री ओढते. अनुराधा स्वयंपाकघरातून उत्तर देते.

आणि तिच्या आधी, किर्र करून, मी देते.