तीन फोन, एक बंब

शिमगा सरला की कळमजाईच्या डोंगरावरचं गवत पार वाळून कोळ होतं आणि सायलीच्या टेबलावरच्या फोनला उसंत राहत नाही. चाकणच्या बाजूला, कारखान्यांच्या गर्दीतल्या अग्निशमन केंद्रात ती कंट्रोल रूम सांभाळायची. माहेर उंबरशेत, सासर धामणदरा. दोन्ही गावं त्याच डोंगराच्या पायथ्याला, एक उगवतीला, एक मावळतीला. लग्नात मानपानावरून दोन्ही व्याह्यांचं बिनसलं ते बिनसलंच. "मधी डोंगर हाय त्येच बरं हाय," असं तिची सासू शालनबाई म्हणायची.

त्या दुपारी एक बंब भंगाराच्या गोदामाची आग विझवायला गेला होता आणि दुसऱ्याचा पंप गॅरेजात खोलून पडला होता. हाताशी उरला एकच. अशात फोन वाजला.

"हॅलो, मी धामणदऱ्याहून मारुतराव बोलतोय." सुनेला ओळख द्यायची गरज नव्हती, पण सरकारी फोनवर असंच बोलायचं असतं अशी सासऱ्यांची समजूत. "डोंगर पेटलाय. बंब धाड."

"मामा, आगीच्या वाटेत कुणाचं घर आहे का?"

"घर न्हाई, पर माझी कडब्याची गंजी हाय की! आन् तुझ्या सायबाला सांग, सायलीचं सासर हाय म्हणावं."

रिसीव्हर ठेवते न ठेवते तोच पुन्हा घंटी. या खेपेला वडील, धर्माजी. "पोरी, वारं आपल्याकडं फिरलंय. आंब्याची कलमं जात्यात बघ! माहेराचा मान पयला, ध्यानात ठेव."

"दादा, वाटेत घर आहे का?"

"माळावर कुठलं आलंय घर?"

केंद्राचे प्रमुख विलासराव मागं उभे राहून ऐकत होते. "सायलीबाई, आज एका घरचं जेवण बंद होणार तुमचं," ते मिशीत हसत म्हणाले. बाहेर ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलं होतं. गावाचं नाव कळायचा अवकाश.

तिसऱ्या फोनवर अनोळखी बाई होती, बोलणं मराठवाड्याकडचं. डोंगराच्या दक्षिण अंगाला कंत्राटी कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथून दुर्गाबाई बोलत होती.

"ताई, धूर लई झालाय वो. माणसं समदी शिफ्टला गेलीत. निस्ती लेकरं आन् आमी बाया हाव. सिलेंडर बाहीर काढावं का आत ठिवावं, तेवढं सांगा." बंब मागावा हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"सिलेंडर राहू द्या. लेकरं घ्या आणि डांबरी रस्त्यावर या. आम्ही निघालो."

सायली वळली. "साहेब, खोल्यांकडं."

"नक्की?"

"नक्की."

बंब गेला. मग तिनं दोन्ही घरी स्वतः फोन लावले आणि काय ते सरळ सांगितलं. मारुतराव नुसते "बरं" म्हणाले. तो एक शब्द शिव्यांपेक्षा जड गेला. धर्माजी कडाडले, "मंग आमी काय हात शेकत बसायचं व्हय?"

"निरगुडीच्या ओल्या डहाळ्या तोडा, वारं पाठीशी घ्या आणि आग झोडपा. पोरंबाळं वर नेऊ नका."

बंब वेळेत पोचला. शेवटच्या ओळीतले पत्रे तापले, दोरीवरचे कपडे जळाले, माणसाला मात्र धग लागली नाही. ती बातमी वायरलेसवर ऐकून विलासरावांनी तिच्यासाठी चहा मागवला, पण तो टेबलावरच गार झाला. गंजी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

संध्याकाळी ती स्कूटरवरून घरी आली तर ओट्यावर दोन काळीठिक्कर माणसं बशीतून चहा ओढत बसलेली. डोंगराच्या दोन्ही अंगांनी झोडपत झोडपत दोन्ही गावं माथ्यावर भिडली होती, आणि धुरातून एकमेकांपुढं उभे ठाकले ते हे व्याही.

"तुमच्याच पोरीनं बंब दिला न्हाई," मारुतराव म्हणत होते.

"माझी कशी? इतकी वर्सं तुमच्या घरात हाय. तुमीच बिघडिवली!"

दोघांचं एकमत झालं ते असं. सायलीला हसू आलं, पण गोठ्यापल्याडच्या माळावर गंजीच्या जागी राखेचा ढीग दिसला आणि ते जागीच विरलं.

"मामा, गंजी जाणार हे मला फोनवरच कळलं होतं. तरी बंब पाठवला नाही."

मारुतरावांनी बशी खाली ठेवली.

"तिथं लेकरं व्हती?"

"होती. पुष्कळ."

"मंग हुभी का? बस. चा घे."

दुसऱ्या दिवशी उंबरशेताहून ट्रॉली भरून कडबा आला. कलमं निम्मी होरपळली असताना धर्माजींनी तो धाडला होता. मारुतरावांनी एक पेंडी सोडली, त्यातलं एक धाट मोडून चावून बघितलं. "व्याह्यांचा कडबा जरा निबरच हाय," म्हणाले आणि धोतराचा काचा मारून स्वतःच उतरवायला चढले.