बटणाचा होकार

नेपाळातल्या आमच्या धुपीटारला विमानं चढावर उतरतात आणि त्याच पट्टीवरून उलटी, उताराने सुटून दरीवर उडतात. येणाऱ्याने दरीतल्या झुलत्या पुलापाशी वळण घेतलं की मागे फिरायला जागा उरत नाही. म्हणून एक येत असला की दुसऱ्याने वरच्या टोकाला मुकाट थांबायचं. साधी गोष्ट आहे, पण ती बोलून करावी लागते आणि आमच्या वैमानिकांना बोलायचाच कंटाळा.

टॉवरने सूचना दिली की वैमानिकाने ती शब्दांत परत सांगायची, असा नियम. कप्तान रोशन मल्लने तो केव्हाच गुंडाळून ठेवला होता. तो रेडिओचं बटण नुसतं दोनदा दाबायचा. टक, टक. म्हणजे कळलं. दुपारचा वारा उठायच्या आत सगळ्यांनाच फेऱ्या उरकायच्या असतात. त्याचं बघून बाकीचेही तेच करू लागले. टॉवरमध्ये आम्हीही चालवून घेत होतो.

मग टॉवरमध्ये पवित्रा घर्ती आली. रोल्पाची पोर, अजून कच्च्या नोकरीवर. वर्षभर तक्रार आली नाही तर पक्की होणार होती, आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने मल्लला अडवलं.

"कप्तान, सूचना शब्दांत परत सांगा."

"बहिनी, हा विमानतळ आहे की बालवाडी? सकाळी सकाळी पाढे म्हणून घेतेस?" आमच्याकडे धाकटी बहीण ती बहिनी, थोरला भाऊ तो दाइ.

रेडिओ सगळ्यांना ऐकू जातो. मध्येच कुणीतरी "बे एके बे" म्हणालं आणि खोऱ्यातली सगळी विमानं खिदळली.

"पाढे नकोत, हजुर. सूचना सांगा."

"लग्न झालंय का गं तुझं? नाही? बरं झालं, एक माणूस वाचला."

ती लाल झाली, पण सूचना वदवून घेतल्याशिवाय तिने त्याला सोडलं नाही. असं महिनाभर चाललं. शेवटी काठमांडूहून आमचे वरिष्ठ, ढुंगाना साहेब, यांचा फोन आला. साहेबांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येतो.

"मल्ल सरांची तक्रार आलीय. तुझ्यापायी विमानं खोळंबतात."

"सर, नियम आहे..."

"नियम मलाही येतात. आणखी एक तक्रार आली तर रोल्पाला जा आणि शेळ्यांना शिकव नियम."

तिने विचारणं सोडलं. टक-टक ऐकायची आणि पुढच्या कामाला लागायची. "आता कशी शहाणी झालीस," मल्ल रेडिओवर म्हणाला, तेव्हा ती हसलीसुद्धा. ते हसू मला बघवलं नाही.

त्या दिवशी मल्ल प्रवासी भरून वरच्या टोकाला उभा होता. तिने त्याला उडायची परवानगी दिली, पण तो हलेना. सफरचंदांची पोती चढवायची राहिली म्हणून तो दुसऱ्या रेडिओवर कंपनीच्या माणसाला फैलावर घेत होता, हे आम्हाला नंतर कळलं. तेवढ्यात पेम्बा शेर्पाचं मालवाहू विमान मीठ आणि छपराचे पत्रे घेऊन पुलाच्या वळणाशी आलं. पवित्राने पेम्बाला वारा सांगितला आणि त्याच दमात मल्लला म्हणाली, "परवानगी रद्द. जागेवर थांबा, विमान उतरतंय."

टक, टक.

मी शेजारीच बसलो होतो. तिचा हात पुन्हा बटणाकडे गेला, थांबला, आणि तिने तो मांडीवर ठेवला.

ती टक-टक पेम्बाची होती, वारा कळल्याची. मल्लच्या शिव्या घालून झाल्या आणि रद्द झाल्याचं न ऐकताच, आधीची परवानगी धरून तो सुटला. पवित्रा "थांबा, थांबा" ओरडत राहिली, पण त्या उतारावर सुटलेलं विमान थांबत नाही. समोरून येणारं विमान बघून पेम्बाने आपलं डावीकडे वळवलं. डावीकडे डोंगर आहे. मल्ल त्याच्याखालून निघून गेला आणि प्रवाशांना वेळेत काठमांडूला पोचवून चहा प्यायला. पेम्बा आणि त्याचा जोडीदार, दोघांना गावकऱ्यांनी पाठीवरच्या टोपल्यांतून खाली आणलं. जेवढं सापडलं तेवढं.

चौकशी काठमांडूत झाली. त्या दिवशीच्या रेडिओची टेप लावली गेली.

"ती खूण कुणाची, हे तुम्हाला कसं कळलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"कळलं नाही, हजुर. मला मल्ल सरांची वाटली."

"मग विचारलं का नाही? नियम ठाऊक नव्हता?"

मी उभा राहिलो. पाढे, शेळ्या, सगळं सांगितलं. ढुंगाना साहेब म्हणाले, असा फोन केल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, आधीच्या टेपा ऐका. पण जुनी टेप पुसून त्यावरच नवं भरतात. अधिकाऱ्याने मला खाली बसायला सांगितलं.

मग मल्ल उठला. पेम्बाची बायको पुढच्या बाकावर होती, तिच्यासमोरून पवित्रापाशी आला. आवाज अगदी भरून आलेला. मला त्याची मानगूट धरावीशी वाटत होती.

"बहिनी, एकदा विचारायचं होतंस," तो म्हणाला. "मी सांगितलं नसतं का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पेम्बाच्या बायकोनेही डोलावली.

"चुकलं माझं, दाइ," पवित्रा म्हणाली, आणि मल्लने सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर हात ठेवला.